आवाज बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

सप्टेंबर २००८ मध्ये मेटालिका या अमेरिकन बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला. त्याच वेळी त्यातली गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेमसाठीही मिळू लागली. बँड तोच, वादन तेच, गाणी तीच. तरी थोड्याच दिवसांत चाहते म्हणू लागले, की सीडीवरचा आवाज कानाला टोचतो, पाच-सात मिनिटांत थकवतो, आणि गेममधलं तेच गाणं मोकळं वाटतं. नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही आवाजांचे आलेख काढून शेजारी ठेवले. गेममधल्या आवाजाच्या आलेखात उंच शिखरं होती, मधे दऱ्या होत्या. सीडीच्या आलेखात सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सपाट, भरीव पट्टा होता. दहा हजारांहून अधिक लोकांनी सह्या करून हा अल्बम पुन्हा मिक्स करण्याची मागणी केली. अल्बमचं मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनीही एका चाहत्याला कळवलं, की त्यांच्या हाती गाणी आली तेव्हाच ती अशी दाबलेली होती.

मला ही घटना फार मोलाची वाटते. ज्यांना ध्वनिशास्त्राचं शिक्षण नाही, अशा हजारो माणसांनी केवळ कानांवर विसंबून एक गोष्ट ओळखली आणि मोजमापाने ती खरी ठरली. ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य आपण सगळ्याच कलांबद्दल ऐकतो आणि म्हातारपणाची किंवा हळवेपणाची खूण म्हणून सोडून देतो. पण आवाज ही वस्तू मोजता येते. तो बदलला असेल, तर नेमकं कुठे आणि कशाने बदलला हे सांगता येतं. जुन्या बँडचे चाहते रात्र रात्र जे वाद घालतात, त्यांच्या पोटात खरोखरचं भौतिकशास्त्र असतं.

थ्रॅश मेटल हा प्रकार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात घडला. ब्रिटिश हेवी मेटलच्या गिटारी आणि पंकचा वेग यांचा तो संगम. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स ही त्यातली मोठी चौकडी. वेग म्हणजे केवढा, हे आकड्यात पाहायला हवं. मेटालिकाच्या १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बममधलं त्याच नावाचं गाणं मिनिटाला साधारण २१२ ठोक्यांच्या लयीत जातं. प्रत्येक ठोक्यात तारेवर दोन आघात, म्हणजे सेकंदाला सात. गिटारवादक जेम्स हेटफिल्ड हे आघात बहुतेक वरून खालीच करतो. खाली-वर-खाली असं हलकेपणाने वाजवलं तर हात कमी दमतो, पण आघात एकसारखे पडत नाहीत. त्याच वेळी तळहाताची कड तारांवर टेकवलेली असते, त्यामुळे सूर लांबत नाही, तुटक आणि जड पडतो.

हे संगीत आपल्याकडेही मुरलं. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे आणि शहरातल्या दोन-तीन पिढ्यांनी तिथे उघड्यावर उभं राहून रॉक आणि मेटल ऐकलं. सेप्टर हा थ्रॅश वाजवणारा बँड मुंबईचाच, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं, की रंगभवन काही लांब नव्हतं. मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवायला आली, तेव्हा ज्या गाण्यांसाठी लोक वेडे झाले होते ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची होती.

आता त्या आवाजाच्या मुळाशी जाऊ, आणि त्यासाठी अलिबागला यावं लागतं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो. त्यात चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र किंचित हलतं आणि त्या वेढ्यांमध्ये सूक्ष्म वीज निर्माण होते. गिटारचा ‘आवाज’ इथे वीज होतो आणि पुढे अँप्लिफायरकडे जातो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुका राहतो. म्हणजे त्या सगळ्या गर्जनेचा उगम चुंबकीय क्षेत्रातल्या अगदी बारीक हालचालीत आहे.

चुंबकीय क्षेत्रातली बारीक हालचाल टिपण्याचं काम रायगडच्या किनाऱ्यावर एका संस्थेत १९०४ पासून चालू आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची, आणि तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होणार आणि नोंदी बिघडणार. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. इमारत बांधताना लोखंड टाळलं, चुंबकत्वाला बाधा न आणणारं साहित्य निवडलं. पण माझ्या मते मूस यांचं सर्वात मोठं काम वेगळं आहे. त्यांनी कुलाब्याच्या नोंदी एका दिवशी बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबागच्या सुरू केल्या नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जागा बदलल्याने किती फरक पडला आणि खुद्द पृथ्वीचं चुंबकत्व किती बदललं, हे वेगळं काढता आलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर अलिबाग तयार होतं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि कुलाबा-अलिबागची सलग नोंदमाला जगातल्या जुन्या नोंदमालांपैकी एक आहे. मूस यांची ही रीत लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पिकअपमधून आलेली वीज अँप्लिफायर मोठी करतो. पण त्याच्या ताकदीला सीमा असते. त्या सीमेपलीकडे ढकललं, की तो लहरीचे माथे छाटून टाकतो. शिखरांच्या जागी पठारं होतात. याला आपण आवाज ‘फाटणं’ म्हणतो. माथे दोन्ही बाजूंनी सारखे छाटले गेले, तर मूळ सूर ११० हर्ट्झचा असताना त्यावर ३३०, ५५०, ७७० असे नवे सूर उगवतात, जे तारेत इतक्या जोराने नव्हतेच. आवाजाला धार येते, दाटपणा येतो. शिवाय सूर जास्त टिकतो, कारण तार जोरात हलत असो की मंद होत आलेली असो, छाटल्यावर दोन्ही जवळजवळ एकाच उंचीचे होतात. कानाला वाटतं, सूर अजून तसाच उभा आहे. मेटल संगीताचा सगळा पाया या फाटलेल्या आवाजावर आहे.

मग ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये चाहत्यांनी तक्रार कशाची केली? माथे छाटल्याचीच! एका गिटारीच्या लहरीचे माथे छाटले तर थ्रॅश जन्माला येतं. तेच छाटणं ढोल, गिटार, बेस, गळा सगळं एकत्र केल्यानंतर संपूर्ण अल्बमवर केलं, तर ढोलाचा आघात मरतो. आघात म्हणजे शांततेतून अचानक उंच जाणारं शिखर. आजूबाजूचं सगळंच उंचावून छताला टेकवलं, तर आघाताला उसळायला जागाच उरत नाही. रेडिओवर आणि गाडीत आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून रेकॉर्ड कंपन्यांनी वर्षानुवर्षं ही चढाओढ केली. त्याच एका भौतिक क्रियेने एक संगीतप्रकार उभा केला आणि त्याच्याच एका अल्बमचा जीव घेतला, हे समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते दोन आलेखच पाहत बसलो.

मेटालिकाच्या इतर अल्बमांवरचे वादही असेच उलगडतात. १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्या. बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये बेस ऐकूच येत नाही. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सनने पुढे सांगितलं, की बेस खाली आणायला ड्रमर लार्स उलरिकने लावलं. बेस मुद्दाम कमी केला, हे उघड आहे. पण त्यात कानाचाही एक गुण मिसळला आहे. खालचा दणकट सूर आपल्यावरच्या सुरांना झाकतो. वरचा सूर खालच्याला तितका झाकत नाही. हेटफिल्डच्या गिटारीने खालचा सगळा पट्टा आधीच व्यापला होता, न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी त्याच चाली गिटारीच्या जोडीने वाजवत होता. बेस कमी केल्यावर त्याचे जे वरचे सूर उरले, ते गिटारीखाली झाकले गेले. चाहत्यांनी पुढे बेस वर काढून स्वतःचे मिक्स तयार केले, आणि ते ऐकताना खरोखर वेगळाच अल्बम समोर येतो.

१९९१ चा काळा अल्बम, म्हणजे बँडच्याच नावाचा ‘मेटालिका’, जगभर तीन कोटींहून अधिक खपला. सर्वात मोठी फूट त्याच्यावरूनच पडली. निर्माता बॉब रॉकने लय उतरवली, गाणी आखूड केली, बेस आणि ढोल पुढे आणले. जुने चाहते म्हणाले, विकले गेले. नवे म्हणाले, आत्ता कुठे आवाज मोठा झाला. दोघांनीही बरोबर ऐकलं होतं. वेग कमी झाला की दोन आघातांमध्ये अवकाश मिळतो, आणि त्या अवकाशात ढोलाची घुमी पूर्ण उमलते. सेकंदाला सात आघातांमध्ये ती उमलायच्या आधीच पुढचा आघात येतो. वेग आणि विस्तार एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. माझं मत विचाराल, तर मला ‘मास्टर ऑफ पपेट्स’ जवळचा, पण ध्वनिमुद्रण म्हणून काळा अल्बम श्रेष्ठ. याच अल्बमच्या काळात हेटफिल्डचा गळा बसला, तो गायन शिकवणाऱ्याकडे गेला, आणि त्यानंतर त्याच्या ओरडण्यात सूर आला. ‘तो आता गातो, पूर्वी ओरडायचा’ हे चाहत्यांचं निरीक्षणही अचूक आहे.

२००३ च्या ‘सेंट अँगर’मधला स्नेअर ढोल तर बदनामच आहे. स्नेअरच्या खालच्या कातड्याला बारीक तारांचा पट्टा टेकलेला असतो. त्याच्यामुळे आघाताबरोबर ‘छर्र’ असा कोरडा आवाज येतो. उलरिकने तो पट्टा सैल सोडला. ‘छर्र’ गेली आणि रिकाम्या भांड्याची टणटण राहिली. एका खटक्याचा प्रश्न, पण वीस वर्षं त्यावर भांडण चालू आहे. काही वादकांनी तो सगळा अल्बम नव्या स्नेअरने स्वतः पुन्हा वाजवून काढला, एवढी त्यांना त्याची काळजी होती. आणि जे प्रत्यक्ष कार्यक्रमात जाऊन आले ते सांगतात, ‘रेकॉर्डसारखं वाटत नाही.’ तेही खरं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बँड कार्यक्रमात सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून लावतो. सर्वात खालची तार ८२.४ हर्ट्झऐवजी ७७.८ वर येते. गाणाऱ्याच्या वाढत्या वयाला ते मानवतं. फरक सहा टक्क्यांच्या आतला, पण कान तो धरतो.

अशी भांडणं रायगडच्या किनाऱ्यावरही होतात, पण ती बेंजोवरून होतात.

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत गणपती विसर्जन, नारळी पौर्णिमा, हळदी, पालख्या यांत बेंजो पार्टी वाजते. अमेरिकन बँजोशी या वाद्याचा फक्त नावापुरता संबंध. ते १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी घडवलं. टाइपरायटरसारख्या कळा दाबल्या की त्या खालच्या तारा अडवतात, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. त्या वेळी जपानात तैशो सम्राटाची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती, म्हणून नाव पडलं तैशोगोतो. बंदराबंदराने ते हिंदी महासागरभर पसरलं: बलुचिस्तानात बेंजू झालं, मालदीवमध्ये गेलं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब संगीतात शिरलं, बाली आणि लोंबोक बेटांवर पोहोचलं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग आणि बेंजो झालं. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट या वादकांवरच आहे. पण चित्रपटापेक्षा त्याचं खरं महत्त्व मिरवणुकीत कळतं.

बेंजोच्या तारेचा सूर लगेच विझतो. म्हणून वादक नखीने तोच सूर अतिवेगाने छेडत राहतो. पिकअप लावून तो अँप्लिफायरला जोडला, अँप्लिफायर ताणला आणि भोंग्यातून सोडला, की माथे छाटले जातात, नवे सूर उगवतात, विझणारा सूर उभा राहतो. पोलादी तार, वेगवान छेड, फाटलेला आवाज! कॅलिफोर्नियातल्या पोरांनी गॅरेजमध्ये आणि आपल्या कोळीवाड्यांतल्या, आगरी गावांतल्या पोरांनी गणपतीसमोर, एकमेकांची खबरही नसताना, एकाच युक्तीला हात घातला.

जुने ऐकणारे म्हणतात, भोंग्यावरचा बेंजो दुसऱ्या वाडीत ऐकू यायचा, चाल ओळखू यायची. आता नुसता बेस आहे, छाती हलते पण गाणं कोणतं ते कळत नाही. नवी पोरं म्हणतात, भोंगा कर्कश, बेसशिवाय नाचायचं कसं? इथेही दोन्ही बाजूंना भौतिकशास्त्र उभं आहे. भोंग्यातून खालचे सूर फारसे बाहेरच पडत नाहीत. सगळी ताकद मधल्या आणि वरच्या पट्ट्यात जाते, आणि माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वात तीक्ष्ण असतो. कमी वॅटमध्ये चाल दूरवर पोहोचायची ती यामुळे. मोठे बेस आले आणि दोन गोष्टी झाल्या. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर. ती घरांना वळसा घालते, भिंतीतून आत येते. ३००० हर्ट्झची लहर जेमतेम अकरा सेंटिमीटरची. ती पहिल्याच भिंतीला अडते. म्हणून लांबून फक्त धडधड पोहोचते. आणि जवळ उभं राहिलं, तर खालचा दणका वरच्या चालीला झाकतो. न्यूस्टेडच्या बेसला झाकणारा नियम इथे बेंजोला झाकतो. पण पायाला ताल देण्याचं काम बेस करतो हेही नाकारता येत नाही. मला विचाराल तर बेस ठेवा, पण चालीच्या वर येऊ देऊ नका.

मात्र इथे एक मोठा फरक आहे. मेटालिकाच्या चाहत्याला १९८६ चा आवाज आजही ऐकता येतो. तो दोन अल्बम शेजारी ठेवतो, आलेख काढतो, अंदाज तपासतो. आपल्या बेंजो पार्ट्यांचे अल्बम निघाले नाहीत. वाजवलं आणि वाऱ्यावर गेलं. तीस वर्षांपूर्वीच्या भोंग्याची आठवण सांगणाऱ्या माणसाला आपण पुरावा देऊ शकत नाही आणि खोटंही ठरवू शकत नाही. मधल्या काळात वाद्य बदललं, अँप्लिफायर बदलला, आणि ऐकणाऱ्याचं वयही वाढलं. वयानुसार कानाला वरचे सूर कमी ऐकू येतात. यातल्या कशाने किती फरक पडला, हे वेगळं काढायचं तर मूस यांनी केलं तेच करावं लागेल. जुनं आणि नवं एकाच वेळी शेजारी वाजवून नोंद घ्यायची.

रायगडच्या किनाऱ्यावर कितीतरी घरांच्या माळ्यावर जुना बेंजो, जुना अँप्लिफायर, एखादा भोंगा अजून पडून असेल. तो भंगारात देण्याआधी या गणपतीच्या आधी एक संध्याकाळ काढा. जुन्या मास्टरला बोलवा. एकच गाणं जुन्या सेटवर आणि नव्या सेटवर वाजवून घ्या, एकाच मैदानात, फोन एकाच अंतरावर ठेवून. गावाचं नाव, वादकाचं नाव आणि तारीख सुरुवातीलाच मोठ्याने बोला, आणि ती फाइल दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा.